गावाची न लिहिलेली वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या चोपड्यांना कुंकू लागते, पहिल्या पानावर शुभ-लाभ उमटते आणि घरातील लहानथोर मंडळी हात जोडून उभी राहतात. त्या मंगल क्षणाच्या आधीचे आठ-दहा दिवस मात्र कोरड्या हिशेबाचे असतात. गोदामातील मालाची मोजदाद होते, येणे-देणे ताडून पाहिले जाते, बुडीत रकमा मनावर दगड ठेवून वेगळ्या काढल्या जातात. आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय नव्या वर्षाचा व्यवहार आरंभायचा नाही, हा व्यापारी घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे. ज्या घरात ही मोजदाद टळते, त्या घराची पत कधी खालावली हे त्या घरालाच सर्वांत शेवटी कळते.

ज्या गावांच्या बळावर या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या गावांची मात्र अशी मोजदाद क्वचितच झाली आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचा सातबारा आहे, घराला ग्रामपंचायतीचा उतारा आहे, सोसायटीच्या खात्यावर कर्जाची नोंद आहे. परंतु जे कोणा एकाचे नाही आणि म्हणूनच सर्वांचे आहे, त्याची वही कोठे आहे? गायरान, ओढा, बारव, देवराई, पाणंद, पाणवठा, गावरान बियाणे, मेंढपाळाची वाट, सावडीची रीत, ग्रामदैवताची यात्रा आणि यात्रेची पंगत ही सर्व गावाची मालमत्ताच आहे. तिच्यातील काही भागाची नोंद महसुली दप्तरात सापडते, बराचसा भाग केवळ वृद्धांच्या स्मरणात असतो. आणि जी मालमत्ता वहीत नसते ती नाहीशी झाली तरी कोणाला तूट दिसत नाही, हा हिशेबशास्त्राचा अगदी प्राथमिक पाठ आहे.

सामायिक मालमत्तेविषयी अर्थशास्त्रात दीर्घकाळ एक निराशेचे मत प्रचलित होते. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली असे प्रतिपादन केले की, चराऊ कुरण सर्वांना खुले असेल तर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत राहील आणि अखेर कुरणच नष्ट होईल. हे मत इतके पटण्याजोगे वाटले की, सामायिक वस्तू एक तर सरकारच्या ताब्यात असावी किंवा खासगी मालकीची व्हावी, हे जणू ठरूनच गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने मात्र स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील ग्रामवने, स्पेनमधील पाटबंधारे अशा जुन्या व्यवस्थांचा अभ्यास करून दाखवून दिले की, जेथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम ठरविले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि नियम मोडणाऱ्यास बेताचा दंड केला, तेथे सामायिक मालमत्ता शतकानुशतके टिकली. या कार्यासाठी 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुरण सामायिक असते म्हणून उजाड होत नाही. त्याला कोणी वाली उरला नाही की ते उजाड होते, हे त्यांच्या विवेचनाचे सार म्हणता येईल.

हे समजण्यासाठी महाराष्ट्राला परदेशात जाण्याचे कारण नाही. धुळे, नंदुरबार आणि नाशिक या भागांत पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे कित्येक शतके चालत आले. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे बांधायचे, प्रत्येक बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या क्षेत्राचे फड पाडायचे. एका फडात त्या वर्षी एकच पीक, म्हणजे एकाच्या भातामुळे शेजाऱ्याची बाजरी कुजावयाची नाही. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करावयाचे नाही. ते पाटकऱ्याचे काम. राखणीला जागल्या. दोघांनाही मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यावयाचा आणि पाटाचा गाळ काढण्यास प्रत्येक घरचे माणूस हजर राहावयाचे. पाण्याचे वाटप, पिकांची फेरपालट, देखरेख आणि दुरुस्ती यांची ही संपूर्ण संस्था होती. तिला ना कचेरी होती ना शिक्का. पुढे नद्यांवर मोठी धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आले, आणि बहुतेक ठिकाणचे फड मोडले. दगडी बंधारे अजूनही उभे दिसतात. मोडली ती माणसांची घडी, आणि तिचे मोल कोणत्याही खात्यात मांडलेले नसल्यामुळे नुकसानीचा आकडाही कोणी काढला नाही.

असाच न काढलेला आकडा गायरानाचा आहे. पूर्वी प्रत्येक गावाच्या शिवारात गुरांसाठी राखलेली जमीन असे. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे आणि वाटेचे हक्क लिहून ठेवण्याची प्रथा होती. त्या दप्तरांना जमीन महसूल संहितेतही स्थान आहे. तरीही गायराने आक्रसत गेली. कोठे अतिक्रमण झाले, कोठे सार्वजनिक कामाच्या नावाने तुकडे पडले. नमुना पाहणीने 1998 साली देशभर केलेल्या अभ्यासात सामायिक वापराची जमीन भौगोलिक क्षेत्राच्या सुमारे 15 टक्के भरली आणि ती घटत असल्याचेही दिसून आले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंह खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याची योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. कायद्याचा आधार अशा रीतीने भक्कम आहे. उणीव आहे ती गावाने स्वतः केलेल्या नोंदीची आणि त्या नोंदीच्या मागे उभे राहण्याच्या इच्छेची.

गायरान गेल्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे तो कडबा विकत घेतो किंवा घासाचा वाफा लावतो. भूमिहीन बाईची दोन शेरडे मात्र त्या गायरानावरच जगतात. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी कोरडवाहू प्रदेशांतील खेड्यांचा अभ्यास करून 1986 साली हेच दाखविले होते की, घर जितके गरीब तितका सामायिक जमिनीवरचा त्याचा भार अधिक. सरपण, चारा, बोरे, करवंदे, तरवडाची साल, केरसुणीची पाती या वस्तू बाजारात मोजल्या जात नाहीत, पण त्या नसतील तर तेवढा पैसा त्या घराला उभा करावा लागतो; आणि तो पैसा बहुतेक वेळा उधारीच्या रूपाने दुकानदाराच्याच वहीत येऊन बसतो. गावातील सामायिक मालमत्ता आटली की पेठेतील थकबाकी वाढते, हा संबंध जुन्या व्यापाऱ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

दुष्काळात हा संबंध आणखी स्पष्ट होतो. 2013 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत चारा छावण्या लागल्या. अनेक व्यापारी कुटुंबांनी आणि जीवदया मंडळांनी त्या काळी मोकळ्या हाताने चारा, पेंड आणि पाण्याचे टँकर पुरविले. या दानाचे मोल कोणीही कमी लेखू नये. तथापि हिशेबी मनाला येथे एक प्रश्न पडावयास हवा. राखलेले गायरान ही गावाची कायमची छावणीच असते. ते राखण्याचा खर्च छावणीच्या खर्चापुढे किरकोळ असतो आणि त्यातून मिळणारा चारा दुष्काळाची वाट पाहत नाही. मुक्या जनावरांसाठी काढलेल्या निधीतील काही भाग गावाच्या कुरणाची चर खोदण्यास, रोपे जगविण्यास आणि राखणदाराच्या पगारास गेला, तर ते दान आपत्तीपुरते न राहता आपत्तीची धार बोथट करील.

हे केवळ कल्पनेतील नाही, याचा दाखला त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. पाऊस वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. 1989 साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, त्या वेळी डोंगर उघडे पडले होते, विहिरी कोरड्या होत्या आणि तरणी माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरीत होती. गाव आदर्श गाव योजनेत सामील झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे ग्रामसभेने स्वीकारली. डोंगरावर समपातळीतील चर खोदले गेले, झाडे लावली गेली, ओढ्यांवर बांध पडले. मोकाट चराई थांबल्यामुळे गवत वाढले आणि ते ठरलेली रक्कम भरून विळ्याने कापून नेण्याची रीत पडली. गवत वाढले तसे दुभते वाढले, दुभते वाढले तसे दूध वाढले, आणि बाहेर गेलेली काही कुटुंबे गावाकडे परतली.

यातील सर्वांत बोधप्रद भाग पाण्याच्या अंदाजपत्रकाचा आहे. पाऊस किती पडला आणि विहिरींची पातळी किती आहे हे मोजून त्या वर्षी गावाजवळ एकूण पाणी किती, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. त्यातून प्रथम माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ठरते. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी आहे आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने दूर ठेवले आहे. आपल्या रानात आपण काय पेरावे हे चारचौघांनी ठरवावे, ही गोष्ट कोणाही शेतकऱ्याला सहजासहजी रुचणारी नव्हे. ती रुचली, कारण जमीन ज्याची त्याची असली तरी जमिनीखालचे पाणी एकच आहे, हे आकड्यांनी सर्वांना दिसले. जे मोजले गेले त्याविषयी बोलता आले, आणि बोलता आले म्हणून नियम करता आला. व्यापारी भाषेत सांगायचे तर मुद्दल न मोडता व्याजावर जगण्याचा निर्णय एका गावाने घेतला.

त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावात, वेगळ्या प्रकारची मोजदाद झाली. राहीबाई पोपेरे यांना शाळेची पायरी चढता आली नाही. बाजारातील संकरित बियाण्यांनी घरोघरच्या कणग्या रिकाम्या होत असताना त्यांनी वाल, घेवडा, भात, भाजीपाला यांची गावरान बियाणी राखेत घोळून, मातीच्या मडक्यांत जपून ठेवली. पुढे बाएफ संस्थेच्या साहाय्याने त्यातून बियाणे बँक उभी राहिली. येथे बँक हा शब्द अगदी चपखल आहे. शेतकऱ्याने बियाणे न्यावे, पेरावे आणि पीक आल्यावर ते वाढीव मापाने परत करावे, अशी बियाणे बँकेची रीत असते; ठेव घरोघर फिरत राहते म्हणूनच ती टिकते. 2020 साली पद्मश्रीच्या यादीत पोपटराव पवार आणि राहीबाई पोपेरे ही दोन्ही नावे होती. एकाने गावाचे पाणी मोजले, दुसरीने गावाचे बियाणे. एकाच जिल्ह्याचा हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसरा दाखला गडचिरोलीचा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजविली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे साहचर्य त्या गावाला लाभले. निर्णय घेण्यापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसत. आपल्या जंगलात काय आहे, कोण काय वापरतो, काय घटते आहे, हे गावाला पाठ होते. म्हणूनच वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्या गावाने मिळविला; असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पिढ्यान्‌पिढ्या जो बांबू गावाच्या डोळ्यांदेखत बाहेर जात होता, तो त्यानंतर गावाच्या खात्यावर जमा होऊ लागला. जंगल तेच होते. बदल झाला तो नोंदीत आणि हक्कात.

नोंद नसल्याची किंमत काय असते हे हळदीच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. जखमेवर हळद दाबावी हे भारतातील प्रत्येक आजीला ठाऊक आहे. तरीही 1995 साली अमेरिकेत हळदीच्या या गुणाचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. त्या लढाईत आजीची साक्ष पुरेशी नव्हती. जुने ग्रंथ आणि 1953 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक लेख पुढे करावा लागला. जे सर्वांना ठाऊक असते तेही लिहिलेले असावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

हळदीचीच आणखी एक गोष्ट आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवे असत. तेथील मातीचा गुण असा की पाणी आत झिरपत नाही आणि हळदीला कीड लागत नाही. शेतकऱ्याचा माल, जमिनीचा गुण, पेव भरणाऱ्या मजुराचे कसब आणि व्यापाऱ्याची पत या चारांच्या मेळातून सांगलीची हळदपेठ नावारूपाला आली. 2005 च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पेवांचे स्मरण पुन्हा जागे झाले. निसर्गाची देणगी, माणसाचे ज्ञान आणि बाजार यांची सरमिसळ किती खोल असते, हे या एका उदाहरणातून दिसते. अशा मालमत्तेला केवळ नैसर्गिक किंवा केवळ सांस्कृतिक असे म्हणताच येत नाही.

देवराईचेही तसेच आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उजाड झाले असतानाही देवाच्या नावाने राखलेल्या राईत मूळ अरण्याचे नमुने जिवंत असल्याचे आढळले. पुष्कळदा गावाचा झरा त्या राईच्या पोटातूनच निघतो. काठी तोडावयाची नाही हा नियम कोणा अधिकाऱ्याने लावला नव्हता. श्रद्धेने लावला होता आणि श्रद्धेनेच पाळला. ज्या गावांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतील झाडेच विकली गेली, तेथे देऊळ नवे झाले आणि झरा आटला. धर्मकार्यासाठी देणगी देणाऱ्या प्रत्येक दात्याने हा व्यवहार ध्यानात ठेवावयास हवा.

या सगळ्यात एक सत्य दडवून चालणार नाही. सामायिक म्हटलेली मालमत्ता नेहमीच सर्वांची होती असे नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव 1924 साली केला होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह त्या तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळभर पाणी घ्यावे लागले आणि त्यानंतरचा न्यायालयीन वाद 1937 पर्यंत चालला. ज्या विहिरीवर गावातील काही घरांना पोहरा सोडता येत नव्हता, ती विहीर गावाची कशी म्हणावी? म्हणून जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. गावाची वही लिहिताना प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना असा हवा: याचा उपयोग आज कोणाकोणाला होतो आणि कोणाला होत नाही? हा रकाना कोरा ठेवला तर ती वही सबंध गावाची ठरणार नाही, काही घरांचीच राहील.

अशी वही लिहिण्याची सोय कायद्यानेही केलेली आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली होती. मुदत आली तशी कागदे भराभर तयार झाली. परंतु घाईने भरलेल्या वहीची गत काय असते हे कोणाही मुनीमजींना विचारावे. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढलेली नोंदवही आणि म्हाताऱ्या गुराख्याला बरोबर घेऊन शिवार फिरून लिहिलेली नोंदवही, यांत खोट्या आणि खऱ्या जमाखर्चाइतकेच अंतर आहे.

खरी वही लिहावयाची तर तिची पाच खाती पाडता येतील. पहिले खाते जमिनीचे: गायरान, पाणंद, शिवरस्ता, स्मशानभूमी, खळ्याची जागा. दुसरे पाण्याचे: बारव, आड, ओढा, पाझर तलाव, जनावरांचा पाणवठा. तिसरे जिवांचे आणि बियाण्यांचे: जुनी झाडे, पक्ष्यांच्या बसण्याच्या जागा, गावरान वाण, देशी गुरांची पैदास. चौथे जाणकारीचे: कोणत्या आजीला कोणत्या पाल्याचा गुण ठाऊक आहे, कोणत्या गवंड्याला दगडी बांध घालता येतो, कोणता धनगर कोणत्या महिन्यात मेंढ्या शेतात बसवावयास येतो. पाचवे रीतीचे: सावड, इर्जिक, सुगीनंतर गरिबाला सरवा वेचू देण्याची मुभा, यात्रेचा मान, पंगतीचा शिरस्ता. प्रत्येक नोंदीपुढे पाच गोष्टी लिहाव्यात. वस्तू काय, ती कोठे आहे, वापरते कोण, राखते कोण, आणि गेल्या वीस वर्षांत ती वाढली की घटली. एवढे लिहून होईपर्यंत गावाला स्वतःविषयी जे कळेल, ते कोणत्याही बाहेरच्या पाहणीतून कळणार नाही.

ही वही पैशाच्या आकड्यांत लिहावी काय, हा प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2021 साली परिसंस्थांचे हिशेब ठेवण्याची पद्धत स्वीकारली, म्हणजे जंगल, पाणथळ, कुरण यांना राष्ट्राच्या जमाखर्चात स्थान देण्याची वाट खुली झाली. राष्ट्राच्या पातळीवर हे योग्यच आहे. गावाच्या पातळीवर मात्र किमतीचा रकाना घाईने भरू नये. किंमत लिहिली की गिऱ्हाईक उभे राहते. घरातील वडिलोपार्जित दागिन्याची नोंद घराच्या यादीत असते, पण त्यापुढे विक्रीचा भाव कोणी लिहून ठेवीत नाही.

व्यापारी कुटुंबांचे येथे नेमके कर्तव्य काय, असे कोणी विचारील. ज्या खेड्यांतून ही घराणी तालुक्याला आणि पुढे शहरांत आली, त्या खेड्यांत त्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या धर्मशाळा, पाणपोया, बारवा आणि पांजरपोळ आजही कोठे कोठे उभे आहेत. त्या वास्तूंचा ताबा कोणाकडे आहे, ट्रस्टची कागदपत्रे कोठे आहेत, बारवेत पाणी आहे की कचरा, हे पाहण्यासाठी एक सुट्टीचा दिवस पुरे आहे. शेतजमीन खरेदी करताना पाणंद आणि ओढ्याची हद्द नकाशावर तपासावी आणि बांध सरकवून मिळणारा गुंठा नाकारावा. वडिलांच्या स्मरणार्थ फाटक किंवा कमान उभारण्याऐवजी गावाच्या तलावातील गाळ काढावा; गाळ शेतकऱ्याच्या रानात जातो आणि तलावात पाणी साठते, म्हणजे एका खर्चात दोन खाती जमा होतात. आणि ज्यांना हिशेब लिहिण्याचे वळण घरातूनच मिळाले आहे, अशा तरुण मुला-मुलींनी दोन सुट्ट्यांत आपल्या मूळ गावाची ही पाच खाती लिहून द्यावीत. गावाजवळ जाणकारी आहे, पण लिहिणारा हात अनेकदा नाही. व्यापारी घरात लिहिणारा हात आहे, पण गावाची ओळख पुसत चालली आहे. दोन्ही एकत्र आले तर दोघांचीही उणीव भरून निघेल.

मात्र लिहिलेली वही गावातच राहिली पाहिजे आणि ग्रामसभेत वाचून दाखविली गेली पाहिजे. तिच्यावर सही ग्रामसभेची हवी. बाहेरून आलेल्याने ती उचलून नेली, तर हळदीच्या पेटंटाचा इतिहास निराळ्या रूपात पुन्हा घडेल.

या कामाला घाई हवी, कारण या वहीतील बहुतेक नोंदी आज ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गायरानाची जुनी हद्द दाखविणारा गुराखी, बारवेतील झऱ्याची दिशा सांगणारा गवंडी, मडक्यातील वाण ओळखणारी आजी यांतील एकेक माणूस जातो, तेव्हा त्या खात्याचे एकेक पान कोरे होते. येत्या दिवाळीत पेढीवरच्या चोपड्यांची पूजा होईल, तेव्हा त्यांच्याशेजारी एक साधी वही ठेवावी. पहिल्या पानावर आपल्या मूळ गावाचे नाव घालावे आणि पाडव्याला गावी जाऊन पहिली नोंद करावी.